ढिली गाठ

सांचीच्या मोठ्या स्तूपाशी गेलेला माणूस आधी तोरणे पाहतो. साहजिकच आहे. दक्षिणेकडच्या तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुख्याचे, आनंदाचे नाव कोरलेले आहे, त्यामुळे आपल्याला तिथे थोडे माहेरी आल्यासारखेही वाटते. पण तोरणे पाहून झाली की स्तूपाभोवतीच्या कठड्याजवळ जरा थांबावे. त्यावर नक्षी नाही, त्यामुळे लोक पुढे निघून जातात. उभे खांब, दोन खांबांच्या मध्ये तीन आडव्या पट्ट्या आणि वरून गोलसर दगडी माथा, एवढाच कारभार. या पट्टीला ‘सूची’ म्हणतात, माथ्याला ‘उष्णीष’ आणि सगळ्या कठड्याला ‘वेदिका’. सूचीची टोके भिंगासारखी फुगीर आहेत आणि ती खांबांच्या कुशीत कोरलेल्या खोबणींत बसवली आहेत.

दगड असा जोडत नाहीत हो. असे जोडतात ते लाकूड. दगडाच्या कामाला अजून सरावायचे असलेल्या कारागिरांनी सुताराची सांधेजोड जशीच्या तशी दगडात उतरवली. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथल्या मळ्यांभोवती, गोठ्यांभोवती जे लाकडी कुंपण असे, त्याचीच ही नक्कल, फक्त दहा फुटांहून उंच. खांबाखांबावर दात्यांची नावे आहेत आणि त्यांत बायका पुष्कळ आहेत, भिक्षुणी आहेत. एखादीने एक खांब दिला, दुसरीने एक सूची. कुंपणासाठी दान द्यावेसे वाटणे ही गोष्ट मला फार आवडते.

या कुंपणाकडे मी एवढी निरखून पाहू लागले त्याला कारण माझा भाचा. मी भोपाळला शाहपुऱ्यात राहते. लग्नसराईत आमच्या रस्त्यावरून रोज रात्री वराती जातात आणि प्रत्येक वरातीत एक घोडी असते. डोक्यावर तुरा, अंगावर झूल, कानाशी बँड आणि पायाशी फटाके. ती थकली, लंगडू लागली की तिचे पुढे काय होते ते कोणी विचारत नाही. भाच्याने विचारले. त्याने अशा तीन घोड्या घेतल्या आणि रातीबडच्या पलीकडे असलेल्या घरच्या शेतात त्यांना ठेवायचे ठरवले. शेताला आधीपासून काटेरी तारेचे कुंपण होते. तो मला म्हणाला, “मावशी, तू जुनी कागदं चाळतेस. घोडं कशात ठेवायचं असतं गं आपल्याकडे?”

प्रश्न साधा वाटला. पण शोधू गेले तर कळले, आपल्याकडे घोडा ‘कशात’ ठेवतच नव्हते. आपल्याकडे घोडा बांधत.

मराठ्यांच्या पागेचे सगळे शब्द दोराचे आहेत. अगाडी, पिछाडी, मेख, दावण. अगाडी म्हणजे घोड्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंच्या मेखांना नेलेले दोर. पिछाडी म्हणजे मागच्या पायांना बांधून मागच्या मेखेला ताणलेला दोर. चौकडून ताणलेला घोडा आपल्या ठाणावर उभा. त्याला पुढे जाता येत नाही, मागे सरता येत नाही, शेजारच्याला लाथ मारता येत नाही. छावणी आज इथे, उद्या वीस कोसांवर. अशा लष्कराला लाकडी कुंपण काय उपयोगाचे? मेखा उपटल्या की निघाली पागा. सभासद सांगतो की महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाण्याची सोय झाली, खुरांची सोय झाली. कुंपणाचा माणूस मात्र त्या यादीत नाही.

भोपाळ संस्थानाचीही रीत वेगळी नसावी. १८१८ च्या तहात संस्थानाने इंग्रजांना सहाशे स्वार आणि चारशे पायदळ पुरवायचे कबूल केले होते. सहाशे घोडी म्हणजे दोर किती लागला असेल, मी एकदा हिशोब करायला बसले आणि सोडून दिला. सिकंदर बेगम स्वतः घोड्यावर बसून मुलूख पाहत हिंडायच्या. पुढे नवाब हमीदुल्ला खान पोलोचे नामांकित खेळाडू, त्यांची मुलगी आबिदा सुलतानही पोलो खेळणारी. या शहराला घोडे नवे नाहीत. आजही बिशनखेडीला मध्य प्रदेश सरकारची घोडेस्वारीची अकादमी आहे.

आणि त्याआधीचे, आपले म्हणून सांगायचे तर १७३७ चा डिसेंबर. निजाम मोठा तोफखाना घेऊन भोपाळात शिरला. एका बाजूला तलाव, एका बाजूला तट, जागा भक्कम. बाजीरावाने ती फोडायचा खटाटोप केलाच नाही, बाहेरून वाटा बंद केल्या. दाणा येईना, वैरण येईना, घोडी उपाशी मरू लागली. निजाम तोफांच्या आडोशाने गोगलगायीसारखा सरकत बाहेर पडला आणि ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याला तहावर सही करून मोकळा झाला. शाळेत हे आपण विजय म्हणून शिकतो, आणि विजय होताच. पण मराठीत याला शब्द आहे ‘कोंडी’, आणि भटक्या गुरांना घालतात तो ‘कोंडवाडा’. दोन्ही एकाच धातूचे. त्या कोंडीत आधी मेली ती जनावरे. तहात त्यांचे कलम नव्हते.

आता मी जैन घरातली. माझ्या मनात भाच्याचा प्रश्न थोडा वेगळ्या जागी जाऊन रुतला. आमच्या श्रावकाचाराच्या शिकवणीत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणीच पाठ करून घेतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मारणे, अवयव कापणे, झेपणार नाही एवढा भार लादणे, खाणेपिणे रोखणे, हे चार दोष कोणालाही पटतात. पण यादीत पहिला आहे बंध. बांधून ठेवणे, जायचे तिथे जाऊ न देणे. वरातीची घोडी घ्या. तिच्या आयुष्यात हा पहिला अतिचार चोवीस तास चालू असतो. रस्त्याच्या कडेला हातभर दोराने बांधलेली, वरातीपुरती सुटलेली, आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्या हातात.

मग कुंपण हा बंध नाही का? आहेच. मी भाच्याला तसे म्हटले तेव्हा तो वैतागला. “मग काय रातीबडच्या रस्त्यावर सोडू? ट्रकखाली येतील.”

त्याचे म्हणणे खरे होते आणि जुन्या टीकाकारांना ते ठाऊक होते. श्वेतांबर परंपरेत आवश्यकसूत्रावर जे विवेचन झाले, त्यात बंधाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. विनाकारण बांधणे वर्ज्यच. कारण असेल तर दोन प्रकार: निरपेक्ष आणि सापेक्ष. घट्ट आवळून, जनावराचा विचार न करता बांधले तो निरपेक्ष बंध. सापेक्ष म्हणजे त्याची कदर ठेवून. गाठ ढिली असावी, आग लागली तर चटकन सोडता किंवा तोडता यावी. शिवाय असेही सांगितले आहे की श्रावकाने शक्यतो अशीच जनावरे पाळावीत, जी न बांधता राहतात.

आग! हे वाचले आणि मला एकदम चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र आठवले. राज्याभिषेकाच्या आधीचे, जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले. पावसाळ्यासाठी साठवलेले गवत-दाणा उधळू नका, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच पत्रात पुढे आगीची काळजी आहे. कोणी स्वयंपाक करील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तेवत ठेवतील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग एक घोडे वाचणार नाही. उंदरापर्यंत विचार केलेला आहे. का, ते अगाडी-पिछाडीचे चित्र डोळ्यांपुढे आणले की समजते. चार दोरांनी ताणलेली, ओळीत उभी जनावरे, आणि गवताची गंजी पेटलेली. सोडवणार कोण आणि कितींना? आगमाचा टीकाकार आणि स्वराज्याचा धनी एकमेकांपासून कितीतरी शतके दूर, पण दोघांना तीच भीती वाटत होती.

इथून पुढे मी कुंपणाकडे या एकाच नजरेने पाहू लागले. घोडा शांतपणे चरत असतो तेव्हा कुठलेही कुंपण चांगलेच. खरी परीक्षा तो बिथरतो त्या क्षणी. घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चौफेर दिसते. फक्त नाकासमोरचे थोडे आणि शेपटीमागचे दिसत नाही. पातळ तार त्याला लांबून नीट दिसत नाही, आणि पळताना तर नाहीच. आता चारशे किलोचे अंग, चौखूर उधळलेले, कुंपणावर आदळले. पुढे काय?

काटेरी तार असेल तर कातडे सोलून निघते. जोसेफ ग्लिडन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याला १८७४ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तीही मुळात गुरांसाठी, आणि गुरे खरोखर तिला मानतात, काटा टोचला की मागे होतात. घोडा मागे होत नाही. पाय अडकला की तो ओढतो, आणि जितका ओढतो तितका कापला जातो. वर धनुर्वात. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. दैव असे की त्याच धनुर्वातावरचे प्रतिविष माणसांसाठी अनेक वर्षे घोड्यांच्याच रक्तातून काढले गेले. मुंबईच्या हाफकिन संस्थेला शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पुण्याचे पूनावाला देत असत, आणि त्यातूनच पुढे १९६६ मध्ये त्यांची स्वतःची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्याच्या रक्तावर आपण वाचलो, त्याला आपण गंजक्या तारेत ठेवतो.

जाळीचे कुंपण स्वस्त, पण तिच्या भोकात नाल अडकते. लोखंडी पाइप भक्कम, दिसतोही छान. पण तो तसूभर हलत नाही, सगळा धक्का घोड्याच्या छातीला नाहीतर पायाच्या हाडाला. लाकूड, म्हणजे सांचीचा तो मूळ नमुना, त्यातल्या त्यात बरे. जोरात धडक बसली तर मोडते, पण मोडताना टोकदार फाळ निघतात. शिवाय घोडे लाकूड कुरतडतात, आणि भोपाळात उरलेले वाळवी खाते. प्लास्टिकच्या ताठ फळ्याही निघाल्या आहेत, त्या जुन्या झाल्या की तडकतात. परदेशात एके काळी रबरी पट्ट्यांची कुंपणे करीत. कारखान्यातला माल वाहणारे जाड पट्टे कापून लावायचे. त्यांच्या कडांचे नायलॉनचे धागे सुटत, घोडे ते चघळत, आणि आतड्यात गोळा होऊन पोटशूळ. कुंपण खाऊन घोडे मेले. आपल्याकडे कुंपण शेत खाते ही म्हण आहे, याला काय म्हणायचे?

विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत तिकडे लवचीक पट्टीचे कुंपण आले. चार-पाच इंच रुंदीची पॉलिमरची पट्टी, तिच्या आत लांबीच्या दिशेने दोन-तीन ताठ पोलादी तारा पूर्ण बुजवलेल्या. पट्टी रुंद म्हणून घोड्याला दिसते, तार आत म्हणून कापत नाही. पण खरी युक्ती पट्टीत नाही, ती खांबाला धरण्याच्या पद्धतीत आहे. मधल्या खांबांना पट्टी ठोकून बसवत नाहीत. खांबावरच्या कडीतून ती नुसती आरपार जाते आणि मागेपुढे सरकू शकते. ताण सगळा दोन टोकांच्या खांबांवर. त्यामुळे घोडा कुठेही आदळला तरी धक्का त्या एका जागी राहत नाही, सबंध लांबीभर पसरतो. पट्टी आत दबते, घोड्याला थांबायला क्षणभर जास्त मिळतो आणि मग ती त्याला हळूच परत लोटते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात ना, तसेच. सांचीच्या सूचीला खोबणीत जागच्या जागी राहायचे होते. ही सूची सरकणारी आहे.

मी भाच्याला म्हटले, “हीच ती ढिली गाठ.” त्याने हिशोब काढून माझ्यापुढे ठेवला. ही पट्टी काही मनीषा मार्केटच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. मागवावी लागते, आणि तारेशी तुलना केली तर किंमत ऐकून बसायला होते. “तार तर फुकट आहे, लागलेलीच आहे,” तो म्हणाला. हा मोह मोठा असतो. भोपाळभोवतीच्या शेतांत निम्म्या जनावरांचे हाल या ‘लागलेलीच आहे’पायी होत असतील.

एक वाद मी जिंकले असे मला वाटते आणि तो नेमिनाथांच्या जोरावर. बाविसावे तीर्थंकर नेमिकुमार वरातीत निघाले असताना वाटेत त्यांना वाड्यात कोंडलेली जनावरे दिसली. ती लग्नाच्या जेवणासाठी आहेत हे कळल्यावर त्यांनी रथ फिरवला, राजुल मांडवात राहिली आणि ते गिरनारला गेले. आमच्याकडे ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात नेहमी आधी तो वाडा दिसतो. कुंपणाच्या आतल्यांचे डोळे दिसले म्हणून फिरलेली ती वरात. आणि भाच्याच्या तिन्ही घोड्या वरातीतूनच सुटून आलेल्या. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभाय आणि त्या काळच्या जैन शेटियांनी पांजरापोळ काढला, तेव्हा त्यांच्याही पुढे हा प्रश्न असणारच: जीव वाचवायचा तर आधी त्याला कोंडावे लागते. पांजरा म्हणजे पिंजराच की. मग तो कसा असावा, यावर पैसे खर्च करणे हेच दान. सांचीच्या त्या बायांनी सूची दिली तशी एक बाजू माझ्या नावावर घाल, असे मी त्याला सांगितले. तीन बाजू त्याच्या.

मैदान मात्र आम्ही लहान केले. सगळ्या शेताला पट्टी परवडणार नव्हती. मधला चढाचा तुकडा घेतला, तिथे पाणी साचत नाही. जुनी काटेरी तार आतून पूर्ण काढली. बाहेरच्या हद्दीला करवंद आणि बोरीची वई लावली आहे, भटकी गुरे अडवायला. मीठ अडवण्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानभर असल्याच काटेरी झाडांचे शेकडो मैल कुंपण वाढवले होते. त्यांच्या जकातीपेक्षा आमचे काम बरे. वई आणि पट्टी यांच्यामध्ये दहा फुटांची वाट मोकळी ठेवली.

पट्टीच्या चार ओळी, वरची साधारण पाच फुटांवर, म्हणजे घोडीच्या छातीच्या वर. खालची जमिनीपासून जवळजवळ फूटभर उंच, कारण लोळताना पाय खाली गेला तर परत निघाला पाहिजे. कोपरे काटकोनात ठेवले नाहीत. एक घोडी दुसरीला दामटवते तेव्हा काटकोनी कोपरा म्हणजे सापळा. गोल कोपऱ्यातून ती वळून निसटते.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो माळव्याच्या काळ्या मातीने. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि वर्षभरात खांब डोलू लागतो. परदेशी माहितीपत्रकात याचा उल्लेख कशाला असेल? साध्या कुंपणात खांब कलला तर चालते. इथे टोकाचा खांब कलला की ताण गेला, आणि ताण गेलेली पट्टी म्हणजे पाय अडकवणारी झोळी. ढिली गाठ म्हणजे लोंबता दोर नव्हे, हे मला तेव्हा कळले. म्हणून टोकाचे खांब मुरूम लागेपर्यंत खोल खणून काँक्रीटमध्ये घेतले आणि त्यांना तिरके टेकू दिले. काम दिवाळीनंतर केले, जमीन ओल सोडून स्थिर झाल्यावर. भोपाळच्या मे महिन्यात पट्टी उन्हाने लांबते, जानेवारीच्या पहाटे आखडते. टोकाला ताण देणारा चक्रीचा खटका असतो तो दोन्ही ऋतूंत फिरवावा लागतो. पहिल्या वर्षी तर दर महिन्याला.

फाटके दोन आहेत, समोरासमोरच्या बाजूंना, बारा-बारा फूट रुंद. गवताची गंजी दोन्हींपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला. कुलूप कुठल्याच फाटकाला नाही, खिटी आहे. त्यांतली एक घोडी ओठांनी खिटी उघडायला शिकली, म्हणून खाली आणखी एक आकडा लावलाय. तो अंधारात चाचपडतही एका हाताने निघतो, रातीबडच्या राखणदाराकडून डोळे मिटून तीनदा काढून घेतला.